बिशपला वस्त्रे कोणी द्यायची?

अकराव्या शतकातील जर्मनीत एखादा बिशप मरण पावला, म्हणजे त्याची अंगठी आणि त्याचा वाकड्या टोकाचा धर्मदंड राजदरबारात पोहोचता केला जाई, आणि राजा आपल्या पसंतीचा माणूस निवडून त्या दोन्ही वस्तू स्वहस्ते त्याच्या हवाली करी. अंगठी ही बिशपाच्या आपल्या चर्चशी झालेल्या विवाहाची खूण होती, तर दंड ही मेंढपाळाची काठी, म्हणजे श्रद्धावंतांच्या कळपाची राखण करण्याच्या जबाबदारीची निशाणी. या विधीला लॅटिनमधील 'वस्त्रे लेवविणे' या अर्थाच्या धातूवरून 'इन्व्हेस्टिचर' हे नाव मिळाले आहे. पेशवेपदाची वस्त्रे साताऱ्याहून छत्रपतींकडून आल्याखेरीज पेशवा हा पेशवा होत नसे, हे ज्या वाचकाला ठाऊक आहे, त्याला या शब्दाचा अर्थ फोडून सांगण्याची गरज पडू नये. वस्त्रे देणारा धनी आणि घेणारा त्याचा सेवक, एवढा साधा हिशेब त्यात होता. युरोपात अडचण अशी उभी राहिली की येथे वस्त्रे घेणारा सेवक दोन धन्यांचा होता, आणि तो आपला प्रथम कोणाचा, हे ठरविण्यासाठी पोप आणि सम्राट यांच्यात 1075 पासून 1122 पर्यंत जवळपास अर्धे शतक झगडा चालला.

बिशपाला दोन धनी कसे मिळाले, हे समजून घेतल्याशिवाय या वादाचा अर्थ लागत नाही. जर्मन राजांजवळ पगारी नोकरशाही नव्हती आणि जमीन देऊन बांधून ठेवलेले सरदार ती जमीन मुलाच्या, नातवाच्या नावे करून दोन पिढ्यांत राजालाच डोळे वटारू लागत. पहिल्या ओट्टोपासूनच्या राजांनी यावर शोधलेला उपाय मोठा चतुर होता: परगणे, टांकसाळी, बाजाराचे हक्क आणि जकातीची नाकी बिशपांच्या स्वाधीन करावयाची, कारण बिशपाला कायदेशीर वारस नसतो, आणि तो गेला की सगळी मालमत्ता पुन्हा राजाच्या हाती येते. पदाबरोबर आलेल्या या राजदत्त मालमत्तेला आणि अधिकारांना 'रेगालिया', म्हणजे राजाच्या वस्तू, असे म्हणत. दुसऱ्या ओट्टोने 981 मध्ये इटलीत मागविलेल्या चिलखती स्वारांची जी यादी उपलब्ध आहे, तीतील सुमारे दोन हजार स्वारांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक स्वार बिशपांनी आणि मठाधिपतींनी पुरवावयाचे होते. असा बिशप नेमण्याचा अधिकार सोडून देणे म्हणजे राजाने आपला खजिना आणि आपली फौज दुसऱ्याच्या स्वाधीन करणे होय, आणि एवढा उदार राजा कोणत्याही धर्मात सापडणे कठीण.

दुसऱ्या बाजूची तक्रारही तितकीच खरी होती. पदाबरोबर इतकी मालमत्ता येत असल्यामुळे पदासाठी पैसे मोजण्याची रीत पडली होती. धर्मपदाच्या खरेदीविक्रीच्या या पापाला, प्रेषितांकडून दैवी शक्ती पैशाने विकत घेऊ पाहणाऱ्या बायबलमधील सायमनच्या नावावरून, 'सायमनी' म्हणत. खुद्द रोममध्ये नवव्या बेनेडिक्टने पोपपद पैसे घेऊन सोडले होते आणि 1046 मध्ये पोपपदाचे तीन दावेदार एकाच वेळी नांदत होते. तेव्हा सम्राट तिसरा हेन्री आल्प्स ओलांडून आला, त्याने सुत्री आणि रोम येथे भरविलेल्या धर्मसभांतून तिघांनाही बाजूस सारले आणि एका जर्मन बिशपाला पोप केले. चर्चच्या शुद्धीकरणाची ही चळवळ सम्राटाच्याच आश्रयाने रोममध्ये रुजली, ही गोष्ट पुढील भांडणाच्या धुराळ्यात सहसा विसरली जाते. पदच्युत झालेल्या सहाव्या ग्रेगरीबरोबर जर्मनीत हद्दपारीत गेलेला हिल्डेब्रांड नावाचा तरुण धर्मसेवक मात्र ती विसरला नाही. चांगल्या हेतूने का होईना, राजा पोपला उचलून बाजूस ठेवू शकतो, हे त्याने जवळून पाहिले होते.

तिसऱ्या हेन्रीच्या मृत्यूनंतर सहा वर्षेही पुरी न झालेला त्याचा मुलगा चौथा हेन्री 1056 मध्ये गादीवर आला, आणि सम्राटाची पकड सैल होताच रोममधील सुधारकांनी आपले घर बांधून घेतले. 1059 च्या एका निर्णयाने पोपची निवड कार्डिनलांच्या, म्हणजे रोमच्या प्रमुख धर्माधिकाऱ्यांच्या, हाती दिली गेली. हंबर्ट या कार्डिनलाने तर त्याआधीच लिहून ठेवले होते की पैसे घेतले जावोत वा न जावोत, धर्मसंस्कार न झालेल्या माणसाने, मग तो राजा का असेना, बिशपाच्या हाती अंगठी आणि दंड देणे हीच मुळात उलटी गंगा आहे. राजाचा अभिषेक पवित्र तेलाने होतो आणि म्हणून तो निव्वळ प्रापंचिक माणूस राहत नाही, असे शतकानुशतके मानले जात होते. त्या समजुतीच्या मुळावर हा घाव होता. बालराजाच्या वाट्याला बिशपांचा अनुभवही विचित्रच आला होता. 1062 मध्ये ऱ्हाइन नदीकाठी कायझर्सवेर्थ येथे कोलोनच्या आर्चबिशपाने त्याला नौका दाखविण्याच्या निमित्ताने नौकेवर चढविले आणि राज्यकारभार हाती घेण्यासाठी चक्क पळवून नेले. भेदरलेल्या मुलाने नदीत उडी टाकली, तेव्हा त्याला ओढून वर काढावे लागले.

1073 मध्ये हिल्डेब्रांड 'सातवा ग्रेगरी' हे नाव घेऊन पोप झाला, आणि आपल्या पदच्युत गुरूच्याच नावाची निवड करण्यात त्याने काय सुचविले, हे उघड होते. त्याच्या दप्तरात 1075 सालच्या पत्रांमध्ये सत्तावीस छोट्या विधानांची एक यादी नोंदलेली आहे. तीत पोपला सम्राटांना पदच्युत करता येते, आणि अन्यायी राजाच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळे करता येते, असे दावे कोणतेही कारण न देता मांडलेले आहेत. ते बाहेर जाहीर करण्यासाठी लिहिले होते की मनाशी केलेले टिपण होते, यावर विद्वानांत एकमत नाही. मात्र पुढे ते शब्दशः आचरणात आले, याबद्दल कोणाला शंका नाही. त्याच वर्षी हेन्रीने उत्तर इटलीतील मिलान या धनाढ्य नगराच्या आर्चबिशपपदी आपला माणूस बसविला, पोपने निषेधाचे कडक पत्र लिहिले, आणि जानेवारी 1076 मध्ये वर्म्स येथे जमलेल्या जर्मन बिशपांनी पोपची आज्ञा झुगारून दिली. हेन्रीने धाडलेल्या पत्रात पोपला पोप न म्हणता जुन्या नावाने संबोधून गादी सोडण्याचा हुकूम होता. वडिलांच्या वेळी जे तीन पोपांच्या बाबतीत साधले, ते आपल्यालाही साधेल, असा मुलाचा अंदाज असावा. तीस वर्षांत रोम किती बदलले आहे, याचा त्याला पत्ता नव्हता. फेब्रुवारीत पोपने राजाला धर्मबहिष्कृत केले, म्हणजे श्रद्धावंतांच्या समाजाबाहेर काढले, आणि प्रजेला त्याच्या निष्ठेतून मुक्त केले. आधीच बंडाच्या तयारीत असलेल्या सॅक्सनीच्या आणि दक्षिणेच्या सरदारांना याहून चांगले निमित्त मिळाले नसते. बहिष्कार वेळेत उठला नाही तर दुसरा राजा निवडू, असे त्यांनी बजावले.

त्यानंतरचा प्रसंग युरोपातील शाळकरी मुलांनाही पाठ असतो. भर हिवाळ्यात राणी बर्था आणि लहान मुलगा यांच्यासह हेन्री आल्प्स ओलांडून इटलीत उतरला, आणि टस्कनीच्या मॅटिल्डा या बलाढ्य सरदारणीच्या कानोस्सा किल्ल्याच्या दाराशी, जानेवारी 1077 च्या अखेरीस, तीन दिवस अनवाणी, लोकरीच्या साध्या वस्त्रांत, क्षमा मागत उभा राहिला. पोपने अखेर त्याला पदरात घेतले. या प्रसंगाला राजसत्तेचा पराभव म्हणण्याची पद्धत पडली असली, तरी लाभ कोणाचा झाला, हे पाहिले तर निराळे दिसते: पश्चात्ताप करणाऱ्याला धर्मगुरू क्षमा नाकारू शकत नाही, हे ओळखून हेन्रीने पोपला धर्मगुरूच्याच कर्तव्यात पकडले आणि सरदारांच्या हातातील निमित्त काढून घेतले. ग्रेगरीने जर्मन सरदारांना स्वतः लिहिलेल्या पत्रात, आपल्या कठोरपणाबद्दल भोवतालची माणसे कुरकुरू लागली होती, अशी कबुली दिलेली आहे. विशेष म्हणजे कानोस्साच्या करारात अंगठी आणि दंड यांचा उल्लेखच नाही, आणि राजांच्या हातून ती स्वीकारण्यावर ग्रेगरीने स्पष्ट व सरसकट बंदी घातल्याचा पहिला निःसंदिग्ध पुरावा 1078 चा आहे. ज्या भांडणाला पुढे इन्व्हेस्टिचरचे नाव मिळाले, ते आज्ञा कोणाची चालावी, यावरून पेटले होते, आणि विधीचा प्रश्न त्यात मागून येऊन मध्यभागी बसला.

पुढील वर्षांचा हिशेब थोडक्यात असा: सरदारांनी तरीही दुसरा राजा निवडला, पोपने 1080 मध्ये हेन्रीला पुन्हा बहिष्कृत केले, हेन्रीने आपला निराळा पोप उभा केला आणि 1084 मध्ये रोम घेतले, ग्रेगरीच्या सुटकेसाठी आलेल्या नॉर्मन सैन्याने शहर लुटले, आणि लोकांच्या रोषापायी पोपला त्याच सैन्याबरोबर निघून जावे लागून तो 1085 मध्ये सालेर्नो येथे वारला.

लढायांपेक्षा या काळातील पत्रकबाजी अधिक टिकाऊ ठरली. दोन्ही पक्षांच्या मठवासी पंडितांनी एकमेकांचे खंडन करणारे निबंध, खुली पत्रे आणि ग्रंथ लिहिले, त्यांच्या नकला मठामठांतून फिरल्या, आणि राजा कशाने राजा होतो, हा प्रश्न कित्येक शतकांनंतर प्रथमच चव्हाट्यावर आला. राजाच्या पक्षाने रोमन कायद्यातील वारसाहक्काची कलमे धुंडाळली, आणि राजा थेट ईश्वराला जबाबदार आहे, पोपला नाही, असा युक्तिवाद केला. पोपच्या पक्षातील लाउटेनबाखच्या मानेगोल्डचे उत्तर आजही दचकविणारे आहे. त्याच्या मते राजेपण हा माणसाच्या स्वभावाचा नव्हे, तर पदाचा गुण आहे. डुकरे राखण्यासाठी ठेवलेल्या गुराख्याने ती चोरली वा हरवली, तर मालक त्याला हाकलून देतो, मग माणसांच्या रक्षणासाठी निवडलेला राजा जुलमी झाला, तर लोकांनी त्याच्याशी केलेला करार त्यानेच मोडला असून लोक त्याच्या बंधनातून मोकळे आहेत, असे का समजू नये? राजा आणि प्रजा यांच्यातील कराराची ही कल्पना पाच-सहा शतकांनी इंग्लंड-फ्रान्समधील राजकीय विचाराचा कणा झाली. मानेगोल्डला लोकसत्ता हवी होती, असे मात्र कोणी समजू नये. त्याला पोपची सत्ता हवी होती, आणि राजाला खाली खेचण्यासाठी हाताशी आला तो दगड त्याने उचलला.

तोडगा कोठे दडला आहे, हे फ्रान्समधील शार्त्रचा बिशप इव्हो याने 1097 च्या सुमारास दाखविले होते. राजा बिशपाला जे देतो, ते आध्यात्मिक पद नव्हेच, तो केवळ जमिनी आणि हक्क देतो. तेवढ्यापुरते त्याचे देणे मान्य करण्यात धर्माचे काही बिघडत नाही, असे त्याचे म्हणणे होते. इंग्लंडमध्ये राजा पहिला हेन्री आणि कॅन्टरबरीचा आर्चबिशप अँसेल्म यांनी 1107 मध्ये याच धर्तीवर तंटा मिटविला: राजाने अंगठी-दंड देणे सोडले, परंतु जमिनींबद्दल बिशपांकडून निष्ठेचा मुजरा घेण्याचा हक्क राखला.

जर्मनीच्या बाबतीत मात्र तोडगा निघण्याआधी एक असा प्रयोग झाला की या संपूर्ण वादातील सर्वांत प्रामाणिक क्षण तोच म्हणावा लागेल. 1111 मध्ये पाचवा हेन्री सम्राटपदाच्या राज्याभिषेकासाठी रोमवर चालून आला, तेव्हा पोप दुसरा पास्काल याने, जो मूळचा मठवासी होता, एक सरळ प्रस्ताव मांडला: राजाला नेमणुकीचा हक्क हवा आहे तो रेगालियामुळे, तर बिशपांनी नगरे, परगणे, टांकसाळी, जकाती आणि किल्ले हे सगळे रेगालिया राजाला परत करावेत, लोकांनी दिलेल्या दानावर आणि दशमांशावर, म्हणजे उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्यावर, निर्वाह करावा, आणि राजाने नेमणुकीचा हक्क कायमचा सोडावा. तर्कात खोट काढण्यासारखे त्यात काहीच नव्हते. 12 फेब्रुवारीला सेंट पीटर चर्चमध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हा करार वाचून दाखविला गेला, आणि ज्यांच्या मालमत्तेवर पोप परस्पर पाणी सोडत होता, त्या बिशपांनी आणि सरदारांनी असा गदारोळ केला की विधी अर्धवट राहिला. हेन्रीने पोप आणि कार्डिनल यांना कैद केले, आणि दोन महिन्यांनी, सुटकेच्या मोबदल्यात, पास्कालने राजाला अंगठी-दंड देण्याचा हक्क लिहून दिला. पुढच्याच वर्षी धर्मसभेने जबरदस्तीने घेतलेला म्हणून तो रद्द ठरविला, आणि लॅटिनमधील 'सनद' या शब्दाचे एक अक्षर फिरवून त्याला 'कुसनद' अशा अर्थाचे टोपणनाव मिळाले. चर्च निर्धन होऊन स्वतंत्र होण्याची एक संधी त्या सकाळी चालून आली होती. ती नाकारली सम्राटाने नव्हे, चर्चच्याच अधिकाऱ्यांनी, आणि नाकारताना ते धर्माचीच भाषा बोलत असतील, यात शंका नाही.

अखेर 23 सप्टेंबर 1122 रोजी वर्म्स येथे पोप दुसरा कॅलिक्स्टस याच्या प्रतिनिधींनी आणि पाचव्या हेन्रीने परस्परांना लेख लिहून दिले. सम्राटाने अंगठी आणि धर्मदंड यांच्यावरचा हक्क सोडला आणि निवडणूक मोकळी राहील, असे मान्य केले. पोपने जर्मनीतील निवडणूक राजाच्या समक्ष व्हावी, आणि निवडलेल्या माणसाला रेगालिया राजाने राजदंडाच्या स्पर्शाने द्यावेत, हे मान्य केले. खरी मेख क्रमात होती. जर्मनीत राजदंड आधी आणि धर्माभिषेक नंतर होणार होता, म्हणजे नको असलेल्या माणसाला राजा रेगालिया नाकारून अडवू शकत होता. इटली आणि बर्गंडीत अभिषेक आधी होऊन सहा महिन्यांच्या आत राजदंडाचा विधी करावयाचा होता, म्हणजे तेथे राजाच्या हाती औपचारिकतेखेरीज काही उरले नाही. एकाच माणसाच्या हाती आता निरनिराळ्या धन्यांनी दिलेल्या निरनिराळ्या वस्तू होत्या, आणि त्यांतून त्याच्या पदाची दोन पदे झाली. राजा हा पवित्र पुरुष नसून ऐहिक अधिकारी आहे, हे सिद्ध करण्यासाठी चर्चने पन्नास वर्षे खर्चिली होती. परंतु राजा ऐहिक ठरला, म्हणजे ऐहिक व्यवहाराचे क्षेत्र त्याचे ठरले, आणि त्याला कायद्यात, नोकरशाहीत आणि करवसुलीत आपले समर्थन शोधावे लागले. धर्मसत्तेपासून वेगळ्या राज्यसंस्थेची कल्पना युरोपात पुढे वाढली, तिच्या पायाचे काही दगड सातव्या ग्रेगरीने घातले आहेत, आणि ते कोणी त्याला सांगितले असते, तर त्याने सांगणाऱ्यालाही बहिष्कृत केले असते.

नेमणूक कोणी करावी, हा प्रश्न वर्म्सने मिटला, असे कोणी समजू नये. पोर्तुगीज जहाजांतून तो पश्चिम किनाऱ्यावरही उतरला. पूर्वेकडे चर्च बांधण्याचा आणि पोसण्याचा खर्च पोर्तुगालच्या राजाने उचलावा, आणि त्याबदल्यात बिशपपदासाठी नाव त्याने सुचवावे, या पोपने दिलेल्या हक्काला 'पाद्रोआदो' म्हणत, आणि 1534 मध्ये स्थापन झालेला गोव्याचा धर्मप्रांत याच व्यवस्थेखाली चालला. हक्क देऊन बसलेल्या रोमला पुढे पस्तावा झाला, आणि 1622 मध्ये धर्मप्रसाराच्या कामासाठी 'प्रोपागांदा फिदे' ही आपली स्वतंत्र संस्था रोमने काढली. या संस्थेने 1637 मध्ये दिवाडी बेटावरील मातेउश द काश्त्रू या गोमंतकीय ब्राह्मण ख्रिस्ती धर्मगुरूला रोममध्ये बिशपाचा अभिषेक केला, तेव्हा गोव्यातील पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी त्याला मानण्याचे नाकारले, आणि त्याला विजापूरच्या आदिलशाही मुलखात, डिचोलीला, आपले ठाणे मांडावे लागले.

मुंबईत तर या तंट्याचा निवाडा प्रोटेस्टंट इंग्रजांकडे आला. गोव्याच्या आर्चबिशपाच्या हाताखालील पाद्री पोर्तुगालचे हस्तक आहेत, या संशयाने कंपनी सरकारने 1720 मध्ये त्यांना बेटातून घालविले आणि रोमने नेमलेल्या कार्मेलाइट बिशपाला आणले; पुढे पोर्तुगालच्या आग्रहावरून निर्णय फिरला, लोकांनी तक्रार केल्यावर पुन्हा फिरला, आणि 1794 मध्ये बेटावरील चार चर्चे दोन-दोन अशी वाटून देण्यात आली. यातून जे 'दुहेरी अधिकारक्षेत्र' निर्माण झाले, त्यात एकाच शहरात दोन बिशपांची सत्ता चाले, आणि कोणते चर्च कोणाचे, यावरून घराघरांत तट पडत. माहीमच्या सेंट मायकल चर्चच्या लोकांनी 1853 मध्ये पाद्रोआदोकडे जाण्याचे ठरविले, तेव्हा रोमने नेमलेला बिशप हार्टमान आपल्या अनुयायांसह चर्चमध्ये दारे लावून बसला, आणि बाहेर विरोधकांचा वेढा पडला. पंधरा दिवसांनी सरकारी अधिकाऱ्यांनी दार उघडवून चर्च पाद्रोआदोच्या पाद्र्यांच्या स्वाधीन केले.

1928 मध्ये रोम आणि पोर्तुगाल यांच्यात करार होऊन मुंबईतील दुहेरी कारभार संपला, परंतु त्यातील अट अशी होती की मुंबईचा आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश असावा. या पाळीनुसार 1937 मध्ये आलेले इंग्रज जेझुइट आर्चबिशप टॉमस रॉबर्ट्स यांना स्वतःची जागा भारतीय माणसाला मोकळी करून द्यावयाची होती, मात्र त्यांच्यामागून पाळी पोर्तुगीजाची असल्याने नुसता राजीनामा देऊन ते साधण्यासारखे नव्हते. 18 जुलै 1950 रोजी पोर्तुगालने आपला हक्क सोडला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात गोमंतकीय आईबापांचे, कराचीत जन्मलेले व्हॅलेरियन ग्रेशस यांची मुंबईच्या आर्चबिशपपदी नेमणूक झाली.